एसीच्या कॉइलवर बर्फ जमला तेव्हा : आपले अनुभव लिहा

मेहरुणकर :
शेजारच्या काकूंच्या एसीतून काल बर्फाचे तुकडे गळून पडले आणि आमच्याकडचा एक जुना मे महिना आठवला, म्हणून हा धागा काढत आहे. जळगावात पारा ४४ च्या वर गेला होता, वडिलांचे नुकतेच ऑपरेशन झाले होते आणि त्यांच्या खोलीतला एसी चालू असूनही वारा कमी कमी होत गेला. झाकण उघडले, तेव्हा फिल्टरमागच्या कॉइलवर, म्हणजे हवा थंड करणाऱ्या नळ्यांच्या जाळीवर, पांढरा, खरखरीत थर होता आणि बाहेरच्या युनिटकडे जाणारी जाड नळीही गोठलेली होती. मेकॅनिकने आधी कूलिंग बंद करून नुसता फॅन चालू ठेवायला लावला. बर्फ सुरीने खरवडू नका, ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्या वाकतात आणि नळीला भोक पडले तर सगळा गॅस निघून जातो, हे त्याने बजावून सांगितले. तोवर वडिलांना वाळ्याच्या पडद्याजवळ कूलरसमोर झोपवले. तुमच्याकडे कारण काय निघाले?

धरणगावची लेक :
आमच्याकडे फिल्टर. घरामागे जिनिंग असल्याने हंगामभर कापसाचे बारीक तंतू उडतात आणि फिल्टरवर गोधडीसारखा थर बसतो. खोलीतली गरम हवा कॉइलपर्यंत पोहोचलीच नाही, तर कॉइल शून्याखाली जाते, हवेतला ओलावा तिच्यावर गोठतो आणि त्या बर्फामुळे उरलेला वाराही अडतो. आता दर पंधरवड्याला फिल्टर नळाखाली धुऊन सावलीत वाळवते. दादा, वडिलांची तब्येत आता कशी आहे?

मेहरुणकर :
ताई, आता उत्तम आहे, रोज सकाळी तलावाला फेरी मारतात.

सावदेकर :
केळी पिकवण्याच्या चेंबरमध्ये आम्ही हेच रोज पाहतो. केळीला साधारण १३ अंशांखाली थंडी बाधते आणि साल काळी पडते, त्यामुळे तिथे तापमानावर बारीक लक्ष असते. मोठ्या शीतगृहांत कॉइलवरचा बर्फ ठराविक वेळाने वितळवण्याची सोय असते. घरच्या एसीत बर्फ दिसला, की काहीतरी बिघडले असेच धरावे. थंडावा वाढल्याची ती खूण नव्हे.

धुळ्याची वहिनी :
सावदेकर भाऊ, अगदी बरोबर. आमचा मेकॅनिक दर उन्हाळ्यात 'गॅस संपला' म्हणून भरून जायचा आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा बर्फ. गॅस म्हणजे गाडीतले पेट्रोल नव्हे, तो वापरून संपत नाही; कमी झाला असेल तर कुठून तरी गळतो आहे. दुसऱ्या माणसाने नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचा फेस लावला, तेव्हा बाहेरच्या युनिटच्या नटापाशी बुडबुडे आले. त्याने सांधा नीट करून व्हॅक्यूम केला, म्हणजे नळ्यांतली हवा पंपाने ओढून काढली, आणि युनिटवरच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर मोजून भरला. गळती न शोधता गॅस भरू देऊ नये, हे मी आता प्रत्येकाला सांगते.

शहादेकर :
आमच्याकडे पावसाळ्यात घडले. बाहेर रात्री गारवा, हवा दमट, आणि मुलांनी १८ वर लावून ठेवलेला. आता २४ वरच असतो. १ जानेवारी २०२० पासून नवे स्टारवाले एसी सुरू होतानाच २४ दाखवतात.

भुसावळची मावशी :
सगळे वाचले. आमचा फिल्टर स्वच्छ आहे, ब्लोअर (आतला पंखा) फिरण्याचा आवाज येतो, तरी वारा येत नाही आणि डाव्या कोपऱ्यातच बर्फ धरतो. काय असावे?

धुळ्याची वहिनी :
मावशी, एकाच कोपऱ्यात बर्फ दिसला, तर गॅस कमी असण्याची शंका आधी घ्या. आमच्याकडे तसाच होता. वारा नसण्याचे कारण ब्लोअरच्या पात्यांवर बसलेला काळा मळही असू शकतो, तो फिल्टर धुऊन जात नाही. तेव्हा जेट पंपाने धुवायला सांगा, पण गळतीची तपासणी त्याच खेपेला करून घ्या आणि तोवर कूलिंग लावू नका, कॉम्प्रेसरवर ताण येतो.