'पोर्टफोलिओ साठ टक्के वर': हा आकडा पुरेसा आहे का?

तापीकाठ (जळगाव)
आमच्याकडे हल्ली चार जण बसले की कोणीतरी शेअरचं ॲप उघडून दाखवतो, "भो, साठ टक्के वर आहे!" माझं ठाम मत आहे की तारखांशिवाय हा आकडा निरुपयोगी आहे. साठ टक्के वाढ तीन वर्षांत झाली तर चक्रवाढीनं वर्षाला सुमारे १७ टक्के पडतात, आठ वर्षांत झाली तर जेमतेम ६. केळी वर्षभर वावर अडवते, मूग दोन-सव्वादोन महिन्यांत निघतो. दोघांचं एकरी उत्पन्न शेजारी ठेवून कोणी निकाल देतं का?

प्रत्येक खरेदी-विक्रीची तारीख, रक्कम आणि मिळालेला लाभांश एक्सेलमध्ये लिहा. घातलेले पैसे उणे, आलेले अधिक, शेवटी आजची किंमत. त्यावरून एक्सआयआरआर काढा, म्हणजे तारखा धरून पडणारा वर्षाचा परतावा. मग त्याच तारखांना तेवढेच पैसे निफ्टीत, म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकात, असते तर काय झालं असतं, तेही काढा. निफ्टी लाभांशासकट धरा, म्हणजे टीआरआय. बाजार नियामक सेबीनं म्युच्युअल फंडांना फेब्रुवारी २०१८ पासून हीच मोजपट्टी लावली. मग आपण स्वतःला सूट का द्यायची?

अमळनेरवाला
तुमनं म्हननं खरं शे भाऊ, पन हे सगळं सारखी खरेदी-विक्री करणाऱ्यांसाठी. विप्रो म्हणजे मूळची वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स, २९ डिसेंबर १९४५ ला आमच्या गावात सुरू झाली. ज्या घरांनी तिचे शेअर पिढ्यान्‌पिढ्या धरून ठेवले, त्यांनी कधी एक्सआयआरआर काढला? सतत मोजत बसणारा माणूस पहिल्या मंदीतच विकून मोकळा होतो. माझ्या मते न मोजणं हीच त्यांची ताकद होती.

तापीकाठ
दादा, त्या घरांचा मला आदरच आहे. पण आपण अमळनेरची गोष्ट सांगतो ती विप्रो टिकली म्हणून. त्याच काळात बुडालेल्या कंपन्यांचे कागद ज्यांच्या पेटीत राहिले, त्यांची गोष्ट कोण सांगतं? आणि हिशेब तर विप्रोलाही लागतोच. डिसेंबर २०२४ मध्ये एकास एक बोनस आला, म्हणजे एका शेअरमागे एक शेअर मोफत, भाव निम्मा झाला, शेअर दुप्पट. जुना खरेदीभाव तसाच ठेवला तर कागदावर फुकटचा तोटा दिसतो. वर्षातून एकदा मोजा, रोज नको. मोजणं म्हणजे विकणं नव्हे.

सराफगल्ली
निफ्टीशीच तुलना का? जळगावचा माणूस सोन्याशी तुलना करणार. २०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षी सोन्यानं निफ्टीला मागे टाकलं. सोन्यापेक्षा कमी मिळालं, तर शेअरची मेहनत कशासाठी केली?

तापीकाठ
हा प्रश्न रास्त आहे, पण वेगळा आहे. पैसा सोन्यात किती आणि शेअरमध्ये किती, हे त्यानं ठरेल. मी निवडलेले शेअर चांगले होते का, हे नाही ठरणार. त्यासाठी निफ्टीच हवा, आणि छोट्या कंपन्या घेतल्या असतील तर स्मॉलकॅपचा निर्देशांक. शिवाय दागिना घेतला असेल तर घडणावळ आणि तीन टक्के जीएसटी वजा करूनच बोला.

पांझरेकाठची ताई (धुळे)
माझा आक्षेप थेट एक्सआयआरआरवरच आहे. समजा एक लाख लावले, वर्षात २० टक्के वाढले, १.२० लाख झाले. मग कापूस विकून आणखी ९ लाख घातले. पुढच्या वर्षी सगळं १० टक्के पडलं, उरले ९.१८ लाख. एक्सआयआरआर म्हणतो वर्षाला उणे साडेसात टक्के. पण शेअरनं दोन वर्षांत काय केलं? १.२० गुणिले ०.९०, म्हणजे आठ टक्के वरच. निवड बरी होती, मोठी रक्कम चुकीच्या वेळी आली. कापसाचा पैसा दिवाळीनंतर येतो, बाजार बघून येत नाही. त्या वेळेचं खापर शेअर निवडणाऱ्यावर का फोडायचं?

तापीकाठ
ताई, या धाग्यावरचा सगळ्यात मोलाचा मुद्दा हाच. निवड जोखायची असेल तर तुमचा हिशेब योग्य, फंड मॅनेजरचं काम तसंच मोजतात. पण खिशातून १० लाख गेले आणि ९.१८ उरले, हे घराला सांगणारा आकडा एक्सआयआरआरच. म्हणूनच मी त्याच तारखांना निफ्टीत पैसे टाकून बघा म्हणतो. मग उशिरा आलेले नऊ लाख दोन्ही बाजूंना सारखेच येतात आणि निवडीतला फरक उरतो.

पांझरेकाठची ताई (धुळे)
तारखा सारख्या ठेवल्या तर पटतं. मात्र कर धरलेला नाही. वर्षाच्या आत विकलं तर नफ्यावर २० टक्के, नंतर विकलं तर सव्वा लाखावरच्या नफ्यावर साडेबारा. वारंवार विकणाऱ्याचा करापूर्वीचा एक्सआयआरआर मी मानणार नाही.

अमळनेरवाला
वर्षातून एकदा, एवढं मी मान्य करतो. दिवाळीनंतर बसतो. पण जुन्या लाभांशाच्या नोंदी माझ्याकडे नाहीत, त्या कुठून आणायच्या?

पांझरेकाठची ताई (धुळे)
अलीकडच्या वर्षांच्या आयकराच्या साइटवर एआयएसमध्ये, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाच्या विवरणात, मिळतील, दादा. त्याआधीच्या बँकेच्या पासबुकातून काढाव्या लागतील.