ग्लॅडिओलस: आधी थंडी, मग आकार
वर कोणी लिहिलंय की मोठे कंद निवडून लावले तरी कोंब नाही, म्हणजे विकणाऱ्याने फसवलं. मला तसं वाटत नाही. जमिनीतून काढल्यावर ग्लॅडिओलसचा (लांब दांड्यावर फुलं येणारं हे कंदाचं फुलझाड) कंद सुप्तावस्थेत, म्हणजे झोपेत जातो, आणि नुसता मोठा असून ती मोडत नाही. कंद सावलीत दोन-तीन आठवडे सुकवा, जाळीच्या पिशवीत भरून ४-५ अंश सेल्सिअसला तीनेक महिने शीतगृहात ठेवा. थोडेच असतील तर घरचा फ्रिजही चालतो, फ्रीझर नको. प्लास्टिकच्या पिशवीत मात्र घाम सुटून कुजतात.

आकाराचं काम त्यापुढचं. ४-५ सेंमी व्यासाचा कंद लांब दांडा आणि जास्त फुलं देतो. मोठ्या कंदाला लागणाऱ्या हरभऱ्याएवढ्या पिल्लांना (छोट्या कंदांना) तिथवर यायलाच एक-दोन हंगाम लागतात. पसरट कंदापेक्षा उंच, फुगीर बरा (बाजारात हे कोणी सांगत नाही!).

आणि कोल्हापुरात जूनमध्येच लावायचा हट्ट कशाला? आपला पाऊस, त्यात पंचगंगेकाठची पाणी धरून ठेवणारी काळी जमीन! सप्टेंबरअखेर गादीवाफ्यावर (उंच केलेल्या वाफ्यावर) लावा, लग्नसराईत दांडे मिळतील. दांडा कापताना खाली चार पानं राहू द्या, पुढच्या वर्षीचा कंद त्यांच्यावरच पोसतो.