पीएफचे १९ लाख पेन्शनकडे वळवू का? (आणि गळ्यात पडलेल्या पॉलिसीचं काय करू?)

भोसरीकर५७
नमस्कार मंडळी. येत्या जूनला रिटायर होतोय. पीएफ नोव्हेंबर १९९५ पासून कापला जातोय. वाढीव (म्हणजे पूर्ण पगारावर मोजलेल्या) पेन्शनसाठी ११ जुलै २०२३ च्या मुदतीत अर्ज टाकला होता, त्याचं डिमांड लेटर आता आलं. पीएफमधले १९ लाख पेन्शन फंडात वळवायचे. एचआरमधला पोरगा म्हणतो, पेन्शन २० हजारांच्या आसपास बसेल. नाही वळवले तर जेमतेम ५ हजार.

बायकोचा मावसभाऊ विमा एजंट आहे. तो म्हणाला, "भावजी, त्या पेन्शनच्या नादी लागू नका, ते १९ लाख माझ्या प्लॅनमध्ये टाका." त्याच्या शब्दावर एफडी मोडून ४ लाख भरलेसुद्धा. एकदाच भरायचे असं सांगितलं होतं. परवा बाँड वाचला तर हप्ता ४ लाख, मुदत ५ वर्षं. म्हणजे दर वर्षी ४ लाख! बाँड येऊन ९ दिवस झालेत.

आमची गरज महिना ३०-३५ हजार. घर स्वतःचं. शेअर बाजार नको, जागाजमीन नको. काय करावं?

नेरळचा_राजा
काका, पेन्शनबिन्शन सोडा. मी २०११ साली नेरळला प्लॉट घेतला तेव्हा घरचे हसले होते. आज तेच विचारतात, शेजारचा मिळेल का. १९ लाखांत कर्जतच्या आतल्या बाजूला अजून मिळतंय.

भोसरीकर५७
जमीन नको असं लिहिलंय हो वर.

नेरळचा_राजा
जमीन नाही, एनए प्लॉट म्हणतोय मी.

वैतागलेला_विमेकरी
पेन्शनचं नंतर बघा, आधी पॉलिसी परत करा. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत कारण सांगून रद्द करता येते, फ्री लुक म्हणतात त्याला. स्टॅम्प ड्यूटी, मेडिकलचा खर्च आणि तेवढ्या दिवसांचा जोखमीचा हप्ता कापून बाकी पैसे परत.

आमच्या बाबांना बँकेच्या काउंटरवर "एफडीसारखंच आहे" सांगून असंच चिकटवलं होतं. आम्हाला कळलं दुसऱ्या हप्त्याला. फॉर्मवर बाबांचं वार्षिक उत्पन्न १२ लाख लिहिलेलं, तेव्हा पेन्शन होती महिना १८ हजार! कंपनीकडे तक्रार केली, नकार आला, मग विमा लोकपालाकडे गेलो. फी नाही, वकील नाही. पैसे मिळाले, पण सात महिने गेले आणि बाबांचं बीपी वाढलं ते वेगळंच.

मी_मुलुंडकर
+१. फ्री लुक वापरा. ३० दिवस असतात.

पिंट्या_न्यू_जर्सी
शेअर बाजार नको म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं. इंडेक्स फंडात टाका, दरमहा ठरावीक काढत राहा. मी चाळिशीतच मोकळा झालो.

मी_मुलुंडकर
तुझा पगार डॉलरमध्ये होता रे. अवांतर थांबव.

सुलभा_जोशीकाकू
विमा कंपनीतच नोकरी केली, म्हणून एक सांगते. भाऊ, ९ दिवस कुठून मोजलेत? कुरिअरने बाँड आला तेव्हापासून? पीडीएफ ईमेलवर आधीच येऊन पडलेली असते, आणि कंपनी दिवस तिथून मोजते. आजच इनबॉक्स बघा. रद्द करायचा अर्ज एजंटाच्या हातात देऊ नका, "बघतो, करतो" म्हणत महिना काढतील. शाखेत द्या आणि शिक्का मारलेली पोच घ्या. शिवाय ईमेलही करा.

निवृत्त_पण_तृप्त
पेन्शनला डोळे मिटून हो म्हणा. मला २०१८ पासून वाढीव मिळतेय, पहिल्या तारखेला खात्यात. सूत्र सोपं आहे: शेवटच्या ६० महिन्यांचा सरासरी पगार गुणिले सेवा भागिले ७०. वीस वर्षांवर सेवा असेल तर दोन वर्षं वाढवूनही मिळतात. यांना २० हजार कसे? पगार किती?

भोसरीकर५७
बेसिक अधिक डीए सरासरी ६२ हजार.

निवृत्त_पण_तृप्त
मग ६२ हजार गुणिले ३२ (३० वर्षं अधिक २) भागिले ७०, २८ हजार झाले की! एचआरच्या पोराला गणित येत नाही.

गणितमास्तर
पोराला येतं, साहेब. सप्टेंबर २०१४ च्या आधीची आणि नंतरची सेवा पीएफ ऑफिस वेगवेगळी मोजतं. आधीच्या वर्षांना त्या वेळचा पगार लागतो. २० हजारच धरा.

निवृत्त_पण_तृप्त
ते बेकायदेशीर आहे. लोक कोर्टात गेलेत.

गणितमास्तर
जाऊ देत. काकांना जूनमध्ये पैसे हवेत, निकाल नकोत. आता हिशोब बघा. १९ लाख देऊन जास्तीचे मिळणार महिना १५ हजार. तेच १९ लाख पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेत ठेवले तर ८.२ टक्क्यांनी वर्षाला १,५५,८०० व्याज, म्हणजे महिन्याला १३ हजारांना थोडे कमी, तिमाहीने हातात. आणि मुद्दल तुमचंच! ईपीएसमध्ये, म्हणजे पेन्शन फंडात, १९ लाख गेले ते गेले. तुमच्यामागे काकूंना निम्मी पेन्शन, त्यानंतर भांडवल परत नाही. महागाईप्रमाणे वाढही नाही. फरक महिना दोन हजारांचा, त्यासाठी १९ लाख देणार?

ज्येष्ठ योजनेची मर्यादा ३० लाख. साठ पूर्ण नसली तरी निवृत्तीवर आलेले पैसे तीन महिन्यांच्या आत टाकता येतात, ती मुदत चुकवू नका.

सुलभा_जोशीकाकू
पण ८.२ पाच वर्षांपुरतेच, मास्तर. पुढे दर काय असेल कोणी सांगावं?

गणितमास्तर
मान्य. तरी मी वळवणार नाही.

मी_मुलुंडकर
मास्तरांशी सहमत. आणि फ्री लुक विसरू नका.

भोसरीकर५७
सर्वांचे आभार. काकू, तुमचे उपकार कसे फेडू? पीडीएफ २४ दिवसांपूर्वीच आली होती, लेकीने शोधून काढली. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून शाखेत गेलो. तिथल्या बाईंनी "सर, एवढा चांगला प्लॅन का सोडता" वर पाऊण तास घेतला, पण पोच घेऊनच उठलो. पैसे अजून यायचेत. मावसभाऊ भाचीच्या साखरपुड्याला आला, जेवला, माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

मास्तर, तुमचा हिशोब तीनदा मांडून पाहिला, बरोबर आहे. तरी मी १९ लाख पेन्शनकडे वळवतोय, कालच संमती दिली. मोठ्याला धंदा काढायचाय, मेहुण्याला फ्लॅट घ्यायचाय. सगळ्यांना माझी तारीख पाठ आहे. पैसे खात्यात असले की मला नाही म्हणता येत नाही, आजवर कधी आलं नाही. पेन्शन फंडात गेलेले कोणी मागू शकत नाही. उरलेले तुम्ही म्हणता त्या योजनेत, निम्मे हिच्या नावावर.

गणितमास्तर
पैसे तुमचे, काका. हिच्या नावाचं मात्र जपून. काकू साठच्या आत असतील तर तुमचे निवृत्तीचे पैसे त्यांच्या स्वतंत्र खात्यात चालणार नाहीत. जोडखातं करा.

भोसरीकर५७
बरं झालं सांगितलंत. पेन्शनच्या अर्जाला, १०डी फॉर्मला, दोघांचा एकत्र फोटो लागतो म्हणे?

सुलभा_जोशीकाकू
लागतो. पण त्याआधी आधारवरचं आणि पीएफमधलं नाव, जन्मतारीख जुळवून बघा. दोघांची.