'मेड इन जपान'मधला जॉन लॉर्डचा ऑर्गन : जुन्या ऐकणाऱ्यांना एक प्रश्न

शहापूरकर ७२

नमस्कार मंडळी. हा प्रश्न खरं तर माझा नाही, आमच्या बाबांचा आहे. १९८८ साली त्यांनी मला विचारला होता आणि मला उत्तर देता आलं नव्हतं.

आमचं घर बेळगावच्या शहापुरात, मागांच्या गल्लीत. बाबा दिवसभर यंत्रमागावर आणि रात्री विठ्ठलाच्या देवळात भजनाला पेटीवर. मी तेव्हा अकरावीला होतो. वर्गातल्या एका मित्राचा मामा वास्कोला बंदरात कामाला होता, त्याच्याकडून डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडची 'मेड इन जपान' बेळगावात आली. ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाका आणि टोकियोत तीन रात्री झालेल्या कार्यक्रमांचं ते ध्वनिमुद्रण. माझा जन्मही त्याच वर्षीचा, म्हणून मला त्याचं फार अप्रूप. मूळ रेकॉर्ड दोन तबकड्यांची, जवळजवळ ७६ मिनिटांची, आणि मित्राकडे कोरी कॅसेट होती ती साठ मिनिटांची. पहिल्या बाजूला 'द म्यूल' सुरू होऊन तीन-चार मिनिटांत संपायचं. दुसऱ्या बाजूला 'स्पेस ट्रकिन' दहाव्या मिनिटाच्या आसपास खट्ट करून बंद. ते गाणं वीस मिनिटांचं आहे हेही मला माहीत नव्हतं. पुढची अकरा वर्षं मी ते अर्धंच ऐकलं.

गल्लीत दिवसा काही ऐकायची सोय नव्हती. चारी बाजूंनी खटाखट चालू असायची. लाइट गेली की माग थांबायचे आणि मग मी टेपमध्ये सेल घालून ऐकायचो. श्रावणातल्या अशाच एका दुपारी लाइट गेली, माग बंद म्हणून बाबा घरी आले, आणि माझी टेप चालू. 'चाइल्ड इन टाइम'ची सुरुवात, नुसता ऑर्गन आणि त्याच्यामागे झांजेवर बारीक काठी. आता बोलणी बसणार असं मला वाटलं. बाबा दारातच उभे राहिले. हातावर कोपरापर्यंत सुताचा कचरा, तो झाडायचंही त्यांना सुचलं नाही. तसेच येऊन बसले, पेटीचं झाकण काढलं, भाता सोडला आणि दोन-तीन पट्ट्या चाचपून म्हणाले, "पांढरी सहा. जराशी चढी आहे. गंधार, धैवत, निषाद तिन्ही कोमल. आसावरीचा थाट." (आमची टेप थोडी जोरात फिरायची, चढेपणा तिचा.)

मग इयान गिलनचा आवाज वर वर गेला, सगळे तुटून पडले आणि ऑर्गन गुरगुरायला लागला. बाबांनी भाता थांबवला. म्हणाले, "ही पायपेटी आहे काय रे? नाटकात असायची तसली? हिचा सूर फाटलाय, आणि तरी बेसूर नाही. कसं करतोय हा माणूस?"

मी म्हणालो, माहीत नाही बाबा.

त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही, पण लाइट गेली की "तुझा तो पेटीवाला लाव" म्हणायचे. नऊ वर्षांपूर्वी बाबा गेले. परवा माळ्यावरून पेटी काढली, तर नेमकी पांढरी सहाच बोलत नाही. तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात घुमतोय. लोक डीप पर्पल म्हटलं की रिची ब्लॅकमोरची गिटार सांगतात. त्याच्या गिटारला मी नावं ठेवणार नाही, पण माझ्या लेखी तो बँड उभा आहे जॉन लॉर्डच्या ऑर्गनवर. तो आवाज नेमका कसा निघायचा? कोणाला माहीत असेल तर सविस्तर लिहा. आणि आपल्या भागात असे अजून कोण ऐकणारे आहेत?

---

खानापूरची गिटारवाली

मी आहे की! माझी सुरुवात सगळ्यांसारखी 'स्मोक ऑन द वॉटर'नेच झाली. ४ डिसेंबर १९७१ ला स्वित्झर्लंडमध्ये माँट्रोच्या कॅसिनोत फ्रँक झापाचा कार्यक्रम चालू असताना कोणीतरी आगीचा बाण सोडला आणि अख्खी इमारत जळाली. हे लोक तिथेच रेकॉर्डिंग करायला आलेले. तलावावर पसरलेला धूर त्यांनी डोळ्यांनी बघितला, ते शब्द बास गिटार वाजवणाऱ्या रॉजर ग्लोव्हरला झोपेतून जागं होताना सुचले. पुढे बंद पडलेल्या ग्रँड हॉटेलच्या बोळात वाद्यं मांडून, बाहेर उभ्या केलेल्या रोलिंग स्टोन्सच्या रेकॉर्डिंगच्या गाडीत 'मशीन हेड' ही रेकॉर्ड पुरी केली.

माझ्याकडे गिटार शिकायला येणाऱ्या मुलांना मी ती सुरावट सरगममध्येच सांगते. पांढरी पाच सा धरायचा. सा, कोमल ग, म. सा, कोमल ग, तीव्र म, म. दोन मध्यम शेजारी शेजारी आले की पोरांचे डोळे चमकतात. नीट ऐकलं तर गिटारच्या बरोबरीने ऑर्गनही तेच वाजवतोय, आणि दोघांत फरक करणं अवघड जातं. तुमच्या बाबांना फाटलेला वाटला तो हाच आवाज.

आणि 'चाइल्ड इन टाइम'ची ती ऑर्गनची सुरुवात एका अमेरिकन बँडच्या 'बॉम्बे कॉलिंग' या धूनवरून घेतलेली आहे. गिलनने हे स्वतः कबूल केलंय.

---

उद्यमबाग गिअरवाला

दादा, तुमचा प्रश्न वाचून कालचा चहा गार झाला. मी एकतीस वर्षं गिअर कापायलोय, त्यामुळे या बाबतीत मला बोलू द्या.

जॉन लॉर्ड वाजवायचा तो हॅमंड सी-३. त्याच्यात भाता नाही, पितळी सूर नाहीत, हवाच नाही. आत ९१ पोलादी चकत्या आहेत, साधारण रुपयापेक्षा मोठ्या, कडेला दाते असलेल्या. प्रत्येकीसमोर एक चुंबक, त्याच्यावर तार गुंडाळलेली. दाता चुंबकाच्या टोकाजवळून गेला की तारेत वीज हलते. एका सेकंदात जितके दाते पुढून जातील तितकी कंपनं. लॉरेन्स हॅमंड मुळात विजेची घड्याळं बनवणारा माणूस, त्याने १९३५ साली हे बाजारात आणलं. सगळ्या चकत्या एकाच मोटरवर, एकाच दांड्यावरून गिअरने फिरतात.

आता तुमच्या बाबांची पांढरी सहा बघा. मुख्य दांडा मिनिटाला १२०० फेरे, म्हणजे सेकंदाला २०. त्या सुराच्या गिअरजोडीचे दाते ८८ आणि ६४. वीस गुणिले ८८ भागिले ६४, झाले साडेसत्तावीस फेरे. चकतीला दाते १६. साडेसत्तावीस गुणिले सोळा, बरोबर ४४०, वाद्यं जुळवताना या सुराला धरतात तीच कंपनं. एक दशांशही इकडे तिकडे नाही. बाकीच्या अकरा सुरांना असे पुरे दाते जुळत नाहीत, ते केसाएवढे चुकतात, कानाला कळत नाही. पांढरी सहा तेवढी तंतोतंत. मी हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा शॉपमधल्या पोरांना बोलावून दाखवलं होतं.

मोटर अशी की ती व्होल्टेज बघत नाही, विजेची सायकल बघते, म्हणजे वीज सेकंदाला किती हेलकावे खाते ते. अमेरिकेतलं साठ सायकलचं यंत्र आपल्या पन्नास सायकलवर लावलं तर पांढरी सहाच्या जागी काळी तीनच्याही जरा खालचा सूर येईल. म्हणून इकडच्या देशांसाठी गिअर वेगळे कापावे लागायचे.

आता फाटण्याचं. हॅमंडला सहसा फिरता भोंगा असलेला लेस्ली स्पीकर लावतात, आवाज गोल आणि देवळासारखा येतो. ब्लॅकमोरच्या गिटारपुढे तो टिकेना. म्हणून लॉर्डने ऑर्गन गिटारच्या मार्शल अँपमध्ये (अँप्लिफायरमध्ये) घातला आणि अँप त्याच्या ताकदीबाहेर चढवला. अँपाला झेपत नाही तेव्हा लाटेची टोकं छाटली जातात, तीच ती खरखर. पण तिकडे चकत्या गिअरमध्ये अडकलेल्या आहेत, त्या आपल्या जागेवरून हलूच शकत नाहीत. आवाज फाटतो तो पुढे अँपात, मागचा सूर जिथल्या तिथे असतो.

तुमच्या बाबांनी कॅसेटवर एकदा ऐकून हे ओळखलं. त्यांच्या कानाला माझा नमस्कार सांगितला असता.

---

कॅम्पातला जुना गडी

२००१ साली बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर डीप पर्पल आले होते, मी गेलो होतो. रात्रीच्या बसने पाचशे किलोमीटर, सोबत आईने दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. गिटारवर स्टीव्ह मोर्स होता, ब्लॅकमोरने १९९३ मध्येच बँड सोडलेला. काही लोक त्यावरून कुरकुरत होते. मी गेलो होतो लॉर्डसाठी.

साठीला टेकलेला माणूस, पांढरे केस मागे बांधलेले. ऑर्गनवर ओणवा होऊन दोन्ही हातांनी त्याला धरून हलवायचा, जसा आपण जड कपाट सरकवताना हलवतो. मी डाव्या अंगाला, बऱ्यापैकी पुढे होतो. खालचे सूर दाबले की शर्टाचं बटण छातीवर थरथरायचं, ते मी हाताने धरून बघितलं. ड्रमवाला इयान पेसही बघायला मिळाला, डावखुरा, सुरुवातीपासून आजपर्यंत बँडमध्ये टिकलेला एकटा माणूस.

पुढच्याच वर्षी लॉर्डने बँड सोडला. १६ जुलै २०१२ ला तो गेल्याची बातमी मी गोवावेसच्या चौकात फोनवर वाचली आणि गाडी बाजूला घेऊन थांबलो. घरात सांगून कोणाला कळणार नव्हतं. आज इथे लिहून बरं वाटलं.

शहापूरकर, तुमच्या पेटीचं सांगतो. माझे चुलते पेट्या दुरुस्त करायचे, मी हाताखाली असायचो. एकच सूर अजिबात बोलत नसेल तर बहुतेक वेळा तो तुटलेला नसतो, पितळी जिभेखाली काहीतरी अडकलेलं असतं. वरची फळी काढा, सुरांची पाटी उघडा, जीभ नखाने अगदी हळू उचला आणि खालून पातळ कागद सरकवा. कानस लावू नका. टोकाला घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो, आणि एकदा गेलेलं पितळ परत येत नाही.

---

शहापूरकर ७२

तिघांचे आभार मानायला शब्द नाहीत. गिअरवाले दादा, तुमचं ४४० चं गणित मी पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवलंय. तिथेच बाबांनी भजनांच्या पट्ट्या लिहिलेल्या आहेत.

काल रात्री पेटी उघडली. पोस्टकार्ड लांबीत कापलं आणि जिभेखालून सरकवलं. चिमूटभर सुताचा कचरा निघाला, पांढरा, मागावरचा. पांढरी सहा बोलायली. थोडी उतरलेली आहे, ती तशीच ठेवतोय.

मग 'चाइल्ड इन टाइम' लावलं आणि सा धरून बसलो. मुलगी आतून विचारत आली, बाबा, ही कसली पेटी? मी तिला चकत्यांपासून सांगायला सुरुवात केली.