प्रतिसाद: दोन हजारांत काय होतं?

‘पीएम किसानच्या दोन हजारांच्या हप्त्यात शेतकऱ्याचं काय भागतं’ असं वर तुम्ही विचारलंत, म्हणून लिहितोय. मी भांडुपला राहतो. मामा-मामी माण तालुक्यात, दोघंही सत्तरीपुढचे, दीड एकर कोरडवाहू. केंद्राच्या पीएम किसान योजनेचे वर्षाला ६,००० आणि २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे तेवढेच, दोन्हीकडे हप्ता दोन हजारांचा. डीएपी खताची गोणी १,३५० ला, युरियाची २६६.५० ला. एक डीएपी, दोन युरिया घेतल्या की हप्ता संपला. पण पेरणीच्या तोंडावर दुकानदारापुढे उधारीसाठी उभं राहावं लागत नाही, हे त्या वयात फार मोठं आहे. पोराकडे पैसे मागताना मामांचा जीव वर-खाली होतो, हप्ता मात्र ते हक्कानं मोजून घेतात. आडवेळी आला तर बीपीच्या गोळ्यांना जातो. जाऊ दे की!

खरी अडचण वेगळीच आहे. सातबारा मामांच्या नावावर, म्हणून पैसा त्यांच्याच खात्यात. मामी आयुष्यभर खुरपत आल्या, पण सातबाऱ्यावर नाव नाही. लाडकी बहीण योजना ६५ वर्षांपर्यंतच. त्यात पीएम किसानची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं. मातीत राबून मामांच्या बोटांच्या रेषा झिजल्यात, यंत्र ठसा घेत नाही. आता चेहरा दाखवूनही होते, पण मोबाईल धरायला कोणीतरी हवं ना. मुंबईकरांनो, गणपतीला गावी जाल तेव्हा घरच्या म्हाताऱ्यांची ई-केवायसी आणि खात्याचं आधार लिंक तेवढं तपासून या.