प्रदूषणावरचे स्वस्तातले जपानी राक्षसपट सुचवा

पावसाळी_बेडूक: रविवारी लेकीसोबत १९५४चा पहिला गॉडझिला पाहिला. हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांनी उठवलेला, कृष्णधवल. लेक (वय ९) म्हणे, "आई, रबरी पोशाखाच्या आत माणूस आहे हे कळतंय, तरी भीती वाटते." आता तिला तसलेच हवेत, मला पर्यावरणाशी नातं असलेले. हॉलिवूडचे चकचकीत नकोत.

चौथी_रांग: डोळे झाकून 'गॉडझिला विरुद्ध हेडोरा', १९७१. दिग्दर्शक योशिमित्सु बान्नो. पैसा बेताचा, पण डोकं भन्नाट: मध्येच कार्टून, मध्येच क्लबातला नाच, आणि सुरुवातीच्या गाण्यात पारा, कोबाल्ट, कॅडमियम अशी विषांची यादी. जपानीत 'हेडोरो' म्हणजे तळाचा गाळ, त्यावरून राक्षसाचं नाव. तेव्हा जपानच्या योक्काइची शहरात कारखान्यांच्या धुरानं लोकांना दमा जडला होता, आणि तागोनोउरा बंदर कागद गिरण्यांच्या गाळानं भरलं होतं. हेडोरा येतो अंतराळातून, पण पोसला जातो याच घाणीवर. एका प्रसंगात तो धुराड्याला तोंड लावून हुक्का ओढावा तसा धूर ओढतो. रबर ओघळतंय, शिवण दिसते, पण किळस खरी येते. महागड्या ग्राफिक्सला हे जमणार नाही.

खारफुटी: नऊ वर्षांच्या पोरीला हेडोरा? अहो, त्यात माणसांचे सांगाडे होतात! आधी 'गामेरा विरुद्ध झिग्रा' दाखवा, तोही १९७१चाच. गामेरा म्हणजे राक्षसी कासव. माणसानं समुद्र नासवला म्हणून शार्कसारखा परग्रहवासी चालून येतो. कथा यथातथाच, अर्धा वेळ मत्स्यालयात जातो. पण शेवटी कासव दगड घेऊन झिग्राच्या पाठीवरच्या परांवर स्वतःचंच गाणं वाजवतं! त्याच वर्षाअखेर तो काढणारी दाइएई कंपनी दिवाळखोरीत गेली, ते पडद्यावर दिसतंच.

चौथी_रांग: सांगाड्यांचं मान्य. लिहायला हवं होतं. ताई, तुम्ही आधी एकट्या पाहून घ्या. १९७२चा 'गायगन' मात्र टाळा. प्रदूषणानं मेलेल्या ग्रहावरची झुरळं माणसाचं रूप घेऊन येतात, कल्पना झकास, पण मारामाऱ्यांत जुन्या सिनेमांचे तुकडे चिकटवलेत.

पावसाळी_बेडूक: झुरळं म्हटल्यावर लेक तोच मागतेय 😀 शनिवारी झिग्रा लावते. डब की सबटायटल?

खारफुटी: जपानीच. सबटायटल तुम्ही मोठ्यानं वाचा, आवाज काढून.