इको मोड साडेतीन तास चालतो, मग वीज वाचते कशी? मदत हवी आहे

नवीन फ्रंट लोड मशीन घेतलंय. आधीचं टॉप लोड पाऊण तासात कपडे धुऊन मोकळं व्हायचं, त्यामुळे इको प्रोग्राम लावला आणि डिस्प्लेवर ३:२० आलं तेव्हा मला वाटलं हे घड्याळच दाखवतंय! पण नाही, खरंच तेवढा वेळ लागतो आणि वर मॅन्युअलमध्ये लिहिलंय की सगळ्यात कमी वीज याच प्रोग्रामला लागते. घरात यावरून दोन पक्ष पडलेत, नवरा म्हणतो मशीन तीन तास गरगरतंय म्हणजे तीन तास मीटर पळणारच, क्विक लाव आणि सुट. मला ते पटत नाहीये पण उत्तरही देता येत नाहीये. कुणी नीट समजावून सांगेल का? आणि रोज क्विकच लावलं तर काय बिघडतं? अजून एक, शेवटी डिस्प्लेवर १ मिनिट राहतं आणि तिथेच अडकून बसतं, कधी कधी चांगली दहा-पंधरा मिनिटं. मशीनमध्ये फॉल्ट आहे का?

ओला_टॉवेल
वेळ आणि वीज यांची गल्लत होतेय. ड्रम फिरवायला फार वीज लागत नाही, खरा खादाड आहे हीटर. तो साधारण २००० वॅटचा असतो, मोटर नुसता ड्रम हलवत असते तेव्हा त्याच्या मानाने किरकोळ घेते. हिशोबच करा ना. १ लिटर पाणी १ अंशाने तापवायला ४.२ किलोज्यूल लागतात आणि १ युनिट म्हणजे ३६०० किलोज्यूल. १५ लिटर पाणी २० अंशावरून ४० ला न्यायचं तर १२६० किलोज्यूल, म्हणजे ०.३५ युनिट. तेच ६० ला न्यायचं तर सरळ दुप्पट, ०.७. कपडे आणि ड्रम तापतात ते वेगळंच.

आता मळ निघतो चार गोष्टींनी: पावडर, घासाघीस, उष्णता आणि वेळ. हर्बर्ट सिनर म्हणून एक जर्मन केमिस्ट होता, त्याने १९५९ मध्ये हे वर्तुळ काढून दाखवलं होतं. एक वाटा कमी केला की दुसरा वाढवावा लागतो. इकोवाले पाणी कमी तापवतात आणि वेळ वाढवतात, बास. पावडरीतल्या एन्झाइम्सनाही निवांत वेळ मिळतो.

पिळाची_गाठ
वरचं बरोबर आहे पण नवरोबांना अगदीच उडवून लावू नका. क्विक थंड पाण्यावर किंवा २० अंशावर लावलं तर त्या एका वॉशला इकोपेक्षा कमी वीज लागू शकते. गोम अशी आहे की क्विकमध्ये बऱ्याच मशीनना एक-दोन किलोच कपडे चालतात, म्हणजे इकोच्या एका फुल लोडसाठी क्विक तीन-चार वेळा लावा, पाणी तितक्या वेळा, पावडर तितक्या वेळा. आणि ड्रम ठासून भरून क्विक लावलंत तर कॉलर तशीच राहते आणि काळ्या कपड्यांवर पावडरीचे पांढरे ओघळ. एकदाच घातलेले, घामाचे दोन-चार शर्ट असतील तर क्विक मस्त.

बाय द वे जुन्या टॉप लोडला हीटर होता का? नसेल तर तुलनाच चुकतेय.

धागाकर्ती
नव्हता हो, नळाचं पाणी थेट. म्हणजे जुनं मशीनच कमी वीज खायचं की काय?? 😅

पिळाची_गाठ
विजेपुरतं बोलायचं तर बहुतेक हो. पाणी मात्र टॉप लोड कितीतरी जास्त पितं. एनर्जी लेबलचे तारे किंवा अक्षरं साधारण सारख्या प्रकारच्या मशीनमध्ये तुलना करायला असतात, गरम धुणाऱ्याची थंड धुणाऱ्याशी नाही. तुमच्या मशीनमध्ये तापमानाचं बटण वेगळं असेल तर साध्या कॉटन प्रोग्रामला कोल्ड करून बघा, रोजच्या कपड्यांना चालतं. पण सतत थंडच धुवत राहिलात तर ड्रममध्ये आणि दाराच्या रबरात बुळबुळीत थर धरतो आणि टॉवेलना कुबट वास मारायला लागतो, म्हणून महिन्यातून एकदा ६० अंशावर रिकामं मशीन फिरवा.

बटणवाला
१ मिनिटाचं मी सांगतो, फॉल्ट नाहीये. डिस्प्लेवरची वेळ हा मशीनचा अंदाज असतो. स्पिनच्या आधी ते कपडे सारखे पसरवायला बघतं, समोर बसून बघा, ड्रम हळू इकडे फिरतो, तिकडे फिरतो, जरा वेग घेतो, कपड्यांचा गोळा एका बाजूला धपकन आपटतो की परत थांबतो. असं जमेपर्यंत चालतं आणि तोवर आकडा हलत नाही. एकटी जीन्स किंवा एकच जाड बाथमॅट टाकली की हमखास. फेस जास्त झाला तरी वेळ वाढतो कारण बरीच मशीन आपणहून एक रिन्स वाढवतात, पावडर कमी करून बघा. नळाला प्रेशर कमी असेल तर पाणी भरायलाच उशीर.

धागाकर्ती
बाथमॅट!! काल तीच एकटी होती आत. तो प्लगमध्ये लावायचा छोटा मीटर मागवते आता, इको आणि क्विक दोन्हींचे आकडे इथे टाकते, म्हणजे घरचा वाद मिटेल. रात्री डिले स्टार्ट लावला तर सकाळपर्यंत ओले कपडे आत राहून वास येईल का?

ओला_टॉवेल
येईल, तास-दोन तासांच्या वर ठेवू नका. काही मशीनना 'किती तासांनी संपवायचं' असा पर्याय असतो, तो असेल तर उठायच्या वेळेला संपेल असं लावा. आणि मीटर १६ अँपिअरचा बघून घ्या, हीटर चालू असताना २३० व्होल्टवर ९ अँपिअरच्या आसपास करंट जातो, लहान मीटर तापेल.